हात जड झाला म्हणायची मुभा

दत्ता, तुझ्या तेराव्याला तो मद्रासी म्हातारा आला नसता तर मी हे लिहायला बसले नसते. तुझं माझं भांडण होतं ते होतं. माणूस मेलं म्हणून भांडण मिटतं असं मला वाटत नाही, आणि गेलेल्याबद्दल सगळे गोड बोलतात तसं बोलायला मला जमत नाही. तू कधी जन्मलास, किती वर्षं विमानं चालवलीस, मागं कोण कोण आहे, ते तुझ्या लेकीनं पेपरात दिलंय. फोटोही चांगला टाकलाय. मला त्यातलं काही सांगायचं नाही. लढाई संपल्यावर तू दोन विमान कंपन्यांची नोकरीची दोन पत्रं घेऊन घरी आलास, तिथून पुढचं बोलायचं आहे.

तू आलास तेव्हा आपलं गुऱ्हाळ चालू होतं. भिलवडी स्टेशनावर दाजीकाका गाडी घेऊन आले होते. आबांचे धाकटे भाऊ, पलटणीतून पेन्शनीवर आलेले हवालदार. गाडीतून उतरलास, आबांच्या पाया पडलास आणि मला म्हणालास, "अक्का, भाकरी हाय का?" दोन भाकरी खाल्ल्यास आणि उसाच्या पाचटावर जो आडवा झालास तो दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तरी उठला नाहीस. आई तू लहान असतानाच गेली होती. माझा नवरा इटलीत पडला होता आणि तेव्हापासून मी माहेरीच होते. आबा, दाजीकाका आणि मी, तिघं आळीपाळीनं येऊन तुझ्याकडं बघून जात होतो. ब्रह्मदेशच्या जंगलावर तू काय काय केलंस ते तू तेव्हाही सांगितलं नाहीस आणि नंतरही नाही. तू नुसता झोपत होतास. आठ दिवस तू एवढंच काम केलंस.

नवव्या दिवशी पत्रं काढलीस. एक मुंबईच्या कंपनीचं, एक मद्रासच्या. आबा बाजेवर होते, दाजीकाका गुळाच्या ढेपांना बारदान गुंडाळत होते. इंग्रजी पत्रं तू मराठीत सांगत गेलास.

दाजीकाकांचा प्रश्न ठरलेला. "रजा किती?"

"मुंबईच्या पत्रात लिव्हलं न्हाई काका. मद्रासवालं पंधरा दिवस म्हणत्यात, वर्षाला."

"पंधरा दिवस? आरं पलटणीत दोन महिनं सलग मिळत्यात. सुगीची रजा येगळी."

"कंपनीत सुगीची रजा नसती काका."

"मग सुगी करायची कुणी? कंपनीचा सायब येणार हाय व्हय इळा घिऊन?"

आबा हसले. मी हसले नाही. मी विचारलं, "मुंबैस्नं घरला यायला किती येळ लागतोय?"

"एक रात आन् थोडी सकाळ."

"आन् मद्रासस्नं?"

"दोन दिवस. जास्तीच."

"मग इचार कशाचा करतूयास?"

तू पत्रांच्या घड्या घातल्यास आणि म्हणालास, "बाकीच्याचा करतूय."

हे बाकीचं काय, ते आम्हाला कुणालाच कळेना. गावात तर दोन स्थळं आल्यासारखी चर्चा. पाण्याला गेलं तरी बायका विचारायच्या, ठरलं का, मुंबईचं का मद्रासचं? साताऱ्याहून तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांचं पत्र आलं. मास्तर माणूस, अक्षर सुरेख. जावई मुंबईत असावा, मद्रासला आमच्या शालिनीला भाषा समजणार नाही, असं लिहिलं होतं. मुंबईवाले पगारही जास्त देत होते. म्हणजे रजा सोडली तर सगळ्या बाजूंनी मुंबईच. आणि तू गुऱ्हाळाच्या भिंतीवर कोळशानं दोन रकाने काढून बसलास.

मी त्या भिंतीला रोज नावं ठेवत होते, पण येता जाता वाचतही होते. चौथीपर्यंतचं वाचायला येत होतं. उठायचं किती वाजता. विमानतळावर किती वाजता. दिवसात किती वेळा उतरायचं आणि चढायचं. मुक्काम कुठं. मुक्कामाला खोली कुणाची, खाट आहे का, दार लागतं का. दुसऱ्या दिवशी परत किती वाजता. मुंबईच्या रकान्यात बरीचशी जागा मोकळी होती. मी विचारलं, हे असं का? तू म्हणालास, त्यांनी एकच वाक्य लिहिलंय, 'कामाची वेळ गरजेप्रमाणं.'

"मग बरोबर हाय की. गरज असंल तवा करायचं, नसंल तवा बसायचं."

"अक्का, गरज कुणाची त्ये लिव्हल्यालं न्हाई."

मग तू मला तास समजावून सांगितलेस. कंपन्या विमान हवेत असेल तेवढेच तास मोजतात. पाऊस आला, इंजिन नादुरुस्त झालं, कुणी बडा माणूस यायचा राहिला, म्हणून विमानाच्या सावलीत चार तास बसून राहिलं तर ते धरत नाहीत. मी म्हटलं, बसल्याचं कसलं काम? तू मोटेच्या बैलांकडं बोट दाखवलंस. मोट थांबली होती, नाडा, म्हणजे मोटेचा दोर, तुटला म्हणून दाजीकाका गाठ मारत होते, आणि बैल जू घेऊन उभे होते. "त्ये बैल आता कामावर हायत का सुट्टीवर?" असं तू विचारलंस. मला उत्तर आलं होतं, पण मी दिलं नाही.

आता आपल्या गुऱ्हाळाची चाल सांगितली पाहिजे. तुझ्या नातवंडांनी गुऱ्हाळ बघितलेलं नाही. बैल चरक ओढतात, लोखंडी लाटा फिरतात आणि एक माणूस खाली बसून त्या लाटांत ऊस सरकवत राहतो. काम सोपं, बसून करायचं. पण उसाच्या मागोमाग बोटं कधी जातील सांगता येत नाही. दाजीकाका पेन्शनीवर आले त्याच वर्षी त्यांची उजव्या हाताची तीन बोटं गेली. आधीच्या अख्ख्या लढाईत ओरखडा नाही, आणि घरच्या चरकात बोटं. आदल्या दिवसापासून ते एकटेच बसले होते, बदली माणूस जत्रेला गेला होता, आणि 'दमलो' म्हणायची हवालदाराला लाज वाटली. तेव्हापासून आबांनी नियम केला. एक काहील, म्हणजे रसाची एक मोठी कढई, उतरली की चरकावरचा माणूस बदलायचा. आणि मधेच कधी कुणी 'हात जड झाला' म्हणाला की त्यानं उठायचं, दुसऱ्यानं बसायचं. का म्हणून विचारायचं नाही, हसायचं नाही, पुन्हा कधी बोलूनही दाखवायचं नाही. मग तो गडी असो नाहीतर मालक. एकदा एक नवा गडी सकाळपासून तीनदा म्हणाला. मी आबांना म्हटलं, हा कामचुकार आहे. आबा म्हणाले, "आसंल. पर हात त्येचा हाय."

आबांचा हा नियम तू मद्रासला आणि मुंबईला घेऊन गेलास. तेव्हा मला ते खुळचट वाटलं. आता वाटत नाही.

त्याआधी आपण औंधाला गेलो. तू लढाईवर गेलास तेव्हा मी यमाईला बोलले होते, ते फेडायचं होतं. डोंगराच्या पायऱ्या चढताना तू दर थोड्या पायऱ्यांनी बसत होतास. चोवीस-पंचवीस वर्षांचा गडी, आणि मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, नारळाची पिशवी माझ्या हातात.

"दमलास व्हय रं?"

"न्हाई. दमायच्या आदी बसतूय. दमल्यावर बसलं की उठू वाटत न्हाई."

तिथंच मी तुला धरलं. म्हटलं, आबांचं वय झालं. त्यांच्या छातीत दुखतं ते तुला सांगत नाहीत. मुंबईला असलास तर पंधरवड्याला येशील, मद्रासला गेलास की गेलास. मी आबांचं नाव पुढं केलं, पण त्यातलं अर्धं माझ्यासाठी होतं. नवरा गेल्यावर घरात माझ्या वयाचं बोलायला कुणी नव्हतं. ते मी त्या पायरीवर म्हणाले नाही. म्हटलं असतं तर तुझं ओझं वाढलं असतं, एवढाच फरक पडला असता.

मग तू मुंबईला गेलास. जुहूच्या विमानतळाजवळ चहाच्या दुकानात तीन दिवस बसलास. कंपनीच्या कचेरीत लगेच गेला नाहीस. तू म्हणालास, बैल घ्यायचा तर बाजारात बघून कळत नाही, बाजारात सगळे बैल धुतलेले असतात. संध्याकाळी त्याच्या गोठ्यावर जावं, वैरण खातो का बघावं. त्या दुकानात कामावरून उतरलेले पायलट येत होते. चहा सांगायचे आणि चहा यायच्या आत मान टाकायचे. एकाची गुंडी खालच्या काजात लावलेली होती आणि ती त्याला दिवसभर कळली नव्हती. तुझा लढाईतला एक मित्र तिथं नोकरीला होता. तो म्हणाला, "सवय होते रे." आणि त्याच चहात त्यानं तुला एक गोष्ट दोनदा सांगितली, पहिल्यांदाच सांगतोय अशी. ते बघून तू कचेरीत गेलास.

मुंबईच्या मॅनेजरला तू विचारलंस, पायलट म्हणाला आज माझा हात जड झालाय, तर तुम्ही काय करता?

तो म्हणाला, "मिस्टर, लढाईत तुम्ही असं म्हणत होता काय?"

तू म्हणालास, "न्हवतो म्हणत. म्हणून खोलीतल्या चार खाटांपैकी दोन रिकाम्या झाल्या."

त्यानं तुला चहा पाजला आणि उद्यापासून या म्हणाला. म्हणजे त्याला तू आवडलास. ते ऐकून आबासुद्धा म्हणाले, मानूस वाईट न्हवं.

मद्रासचा मॅनेजर म्हातारा होता. त्याला हात जड म्हणजे काय ते आधी समजलं नाही. तू त्याला चरक, बैल, दाजीकाकांची बोटं सगळं इंग्रजीत सांगितलंस. कसं सांगितलंस देव जाणे. तो म्हणाला, मी मोठं वचन देत नाही. आमच्याकडं विमानं कमी, माणसं कमी. तुम्हाला लांबलांबच्या गावी मुक्काम पडेल, खोल्यांत ढेकूण आहेत. पण आमच्या वहीत एक रकाना आहे, तो पायलटनं स्वतः भरायचा, आज उडायला ठीक आहे की नाही. तिथं नाही लिहिलं तर ते खोडायचा अधिकार मला नाही. आणि महिन्याचं वेळापत्रक आधीच्या महिन्यात भिंतीवर लागतं.

ढेकूण आहेत असं त्यानं आपण होऊन सांगितलं, यावर तू भाळलास. घरी येऊन आम्हाला म्हणालास, जो माणूस ढेकूण सांगतो तो बाकीचंही खरं सांगत असेल.

तू मद्रास धरलंस. त्या दिवशी मी तुला जे बोलले ते गुऱ्हाळावरच्या सगळ्यांनी ऐकलं. "लढाईत मरायला भ्याला न्हाईस, आन् आता दमायला भितूयास?"

"व्हय अक्का. दमायलाच भितूय."

"लाज न्हाई वाटत?"

"इमानात माज्या मागं बसल्याली मानसं मला वळखत न्हाईत. त्यास्नी माजा हात दिसत न्हाई. मलाच दिसतूय."

दाजीकाका त्या वेळी उठून गेले. मला वाटलं रागानं गेले. पण बाहेर जाऊन ते मोटेच्या नाड्याची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधत होते, उरलेल्या दोन बोटांनी. रजेचं नावसुद्धा त्यांनी नंतर काढलं नाही. आबा मला एवढंच म्हणाले, "ज्येचा हात त्येला ठावं." मी म्हटलं, तुमच्या नियमानं तुमचाच पोरगा लांब चालला. ते म्हणाले, "नेम केला तवा पोरगं सोडून समद्यास्नी, आसं म्हटलं न्हवतं."

एक गोष्ट मात्र मी तेव्हाही मानत होते, तोंडानं म्हटलं नाही. तू मद्रासहून दर महिन्याला मला एक कागद पाठवत होतास. त्या भिंतीवरच्या वेळापत्रकाची नक्कल, मराठीत, मोठ्या अक्षरांत, मला वाचता यावी म्हणून. सोमवार मद्रास, मंगळवार हैदराबाद, बुधवार नागपूर, गुरुवार विश्रांती. विश्रांतीच्या खाली तू रेघ मारायचास. मी तो चुलीच्या वरच्या खिळ्याला लावायचे आणि सकाळी भाकरी थापताना बघायचे की आज हा कुठं आहे. नवरा लढाईत होता तेव्हा दोन वर्षं तो कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं. कोणत्या मातीत आहे ते अजून ठाऊक नाही. तू मात्र मला रोज ठाऊक होतास. मुंबईच्या कंपनीत असतास तर हा कागद पाठवता आला नसता, त्यांचं त्यांनाच उद्याचं ठाऊक नसायचं. शालिनी लग्नानंतर मद्रासला आली. तिनं सहा महिन्यांत तिथली भाषा उचलली आणि आपल्या वडलांना उलट पत्र लिहिलं की मला इथं नवरा जागा असताना भेटतो, मुंबईतल्या मैत्रिणींना त्यांचा भेटत नाही. हे तिनंच मला हसत सांगितलं होतं.

पुढच्या गुऱ्हाळाच्या हंगामात आबांनी अंथरूण धरलं. त्या दिवशी कागदावर नागपूर होतं. दाजीकाकांनी सांगलीला जाऊन मद्रासच्या कचेरीला तार केली आणि माझ्या सांगण्यावरून नागपूरलाही केली. मी मनाशी हिशेब मांडला. दुपारी तार मिळेल. नागपूरहून मुंबईला विमान जातं हे तुझ्याच कागदांवरून मला माहीत झालं होतं. संध्याकाळी मुंबई, रातची गाडी, उद्या सकाळी भिलवडी. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीकाकांना गाडी जुंपून स्टेशनावर पाठवलं. ते रिकामी गाडी घेऊन परत आले. दुपारी आबा गेले. दिवस मावळायच्या आत उचलावं लागलं. एकुलता एक लेक असून अग्नी दाजीकाकांनी दिला.

तू तिसऱ्या दिवशी आलास, आगगाडीनं, स्टेशनापासून चालत. अंगावर कंपनीचे कपडे. मी दारातच विचारलं, "कंपनीनं सोडलं न्हाई व्हय?"

तू खाली वाकून बूट सोडायला लागलास.

"लय नेमाची कंपनी न्हवं? मुंबैला असतास तर परवाच आला असतास. आबा तुजं नाव घेत गेलं. शेवटपातूर म्हणत हुतं, दत्ता आला का, दत्ता आला का."

तू गुऱ्हाळामागं जाऊन बसलास. मी पाणी घेऊन गेले नाही.

यानंतर किती वर्षं गेली. सरकारनं सगळ्या कंपन्या एक केल्या, तू मोठा झालास, तुझ्या हाताखाली पोरं शिकली. सांगलीला घर बांधलंस. मी दर दिवाळीला येत होते आणि दर दिवाळीला आपलं तेच. मी म्हणायचे, "त्या मुंबैच्या कंपनीचं इमान पडलं का कवा?" तू म्हणायचास, "न्हाई पडलं." "मग?" "मग काय अक्का. न्हाई पडलं म्हंजे बरोबर हुतं, आसं न्हाई." शालिनी म्हणायची, अहो वन्सं, फराळ घ्या आधी. मी फराळ घ्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. कंपनीनं तुला सोडलं नाही, हे मी धरून ठेवलं होतं. तूही कधी खोडलं नाहीस.

आणि तेराव्याला हा नायडू आला. तुझ्याच वयाचा, काठी टेकत, एवढ्या लांबून. नागपूरला त्या दिवशी विमानात तुझ्या शेजारच्या खुर्चीवर, दुसरा पायलट म्हणून, तो होता. हिंदी बोलत होता, काही तुझ्या लेकीनं मला समजावून सांगितलं, बरंचसं मलाच समजलं. आबांच्या आजारपणाची तार तुला दुपारी मिळाली होती. मुंबईला जाणारं विमान समोर उभं होतं, माणसं बसली होती, आणि त्याच्या पायलटला ताप भरला होता. तिथला कंपनीचा माणूस तुला म्हणाला, देवानंच जुळवून आणलंय, तूच घेऊन जा, आमचंही काम होईल आणि तूही घरी पोचशील. तू दोन दिवस दुसऱ्यांच्या बदली काम करत पहाटेपासून कामावर होतास. नायडू म्हणाला, मीसुद्धा हात जोडले, साहेब चला, अर्धं मी चालवतो. आणि तू त्याला म्हणालास, "नायडू, मी ही तार तीनदा वाचली आणि त्यावर वार कोणता लिहिलाय ते मला आता सांगता येत नाही. हात जड झालाय. आत एकवीस माणसं आहेत."

वहीच्या रकान्यात तू नाही लिहिलंस. विमान गेलं नाही. उतारू तुझ्या अंगावर धावून आले. एका बाईनं तुला आईवरून शिवी दिली. तू मान खाली घालून स्टेशनावर गेलास आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसलास. नायडू म्हणाला, तू त्याला बजावून ठेवलं होतंस, हे आमच्या घरी कधी सांगायचं नाही. त्याला वाटलं, तू गेल्यावर आता चालेल.

म्हणजे कंपनीनं तुला अडवलं नव्हतं. कंपनी तर तुला घरी सोडायला विमान घेऊन उभी होती. तू स्वतःच स्वतःला खाली उतरवलंस.

तू मला का सांगितलं नाहीस ते मी ओळखून आहे. सांगितलं असतंस तर मी म्हणाले असते, बाप मरत होता आणि तुला झोप येत होती. नक्की म्हणाले असते, गावभर म्हणाले असते. म्हणून तू माझा राग कंपनीवर जाऊ दिलास. त्या ढेकणाच्या खोल्या देणाऱ्या कंपनीला मी चाळीस वर्षं शिव्या दिल्या. तिनं काही केलं नव्हतं.

दत्ता, गुऱ्हाळावर हात जड झाला असं मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं. उन्हात ऐकलं, तापात ऐकलं, आळसानंही ऐकलं. ज्याला उठल्यावर फक्त तोटा आहे आणि बसून राहिला तर बाप भेटणार आहे, अशा माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आबांनी ऐकलं असतं तर ते म्हणाले असते, नियम कळला तो एकाला. मी आबांची मोठी लेक, तो नियम माझ्यासमोर झाला, मला तो कळला नव्हता.

आता माझं. तू तुझं लपवलंस, मीही लपवलं, आणि माझं तुझ्यापेक्षा वाईट आहे.

आबांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. रात्रीपासून ते शुद्धीवर नव्हते. दुपारी एकदाच डोळे उघडले. चरकाचा आवाज येत नव्हता, कारण आम्ही गुऱ्हाळ थांबवलं होतं. मला म्हणाले, "चरक का थांबला?" मी म्हटलं, "आवं आबा, तुमच्यासाठनं." तर म्हणाले, "माज्यासाठनं कशाला? ऊस वाळतूय तकडं." मग डोळे मिटले. तेवढंच. तुझं नाव नाही, माझं नाही. दत्ता आला का, हे मी दारात उभ्या उभ्या बनवलं, तू दुखावला जावास म्हणून. नंतर मागं घ्यायला लाज वाटली, आणि पुढं पुढं मलाच ते खरं वाटायला लागलं. तू ते खरं धरून म्हातारा झालास. आजारपणात शेवटी शेवटी तू शालिनीला म्हणाला होतास म्हणे, आबा हाक मारत होते आणि मी पोचलो नाही.

त्यांनी हाक मारली नव्हती, दत्ता. तुला उशीर झालाच नव्हता.